दोन सड पिल्लाचे

उंट म्हटला की डोळ्यांपुढे आधी त्याची मदार येते. पण राजस्थानात हिवाळ्यात जन्मणाऱ्या पिल्लाच्या पाठीवर तशी मदार नसते. असते ती कातडीची सैल घडी आणि तिच्यावर केसांचा झुबका. मदार म्हणजे साठवलेली चरबी, आणि ती पिल्लाला पुढे कमवावी लागते. तोवर त्याची सगळी मदार आईच्या दुधावर!

उंटीण सुमारे तेरा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते. वजन साधारण ३५ ते ४० किलो, आणि पाहावं तर पायच पाय. काही तासांतच ते त्या पायांवर उभं राहतं. त्याला लगेच चीक मिळायला हवा, कारण रोगाशी लढण्याची ताकद त्याला गर्भात मिळत नाही, ती चिकातून येते. काही आठवड्यांत ते खेजडीचा पाला चघळू लागतं, तरी जवळपास वर्षभर दूध पितंच. पुढची वाढही सावकाश. पक्के दात येऊ लागतात तेच पाचव्या वर्षाच्या सुमारास, आणि अंग पूर्ण भरायला सहा-सात वर्षं लागतात.

अरबी भाषेनं ही वाढ नावांमध्ये जपली आहे. आपल्याकडे जकात म्हणजे नाक्यावरचा कर असं अनेकांना आठवेल. इस्लाममध्ये जकात म्हणजे संपत्तीतला गरिबांचा वाटा. उंटांवरच्या जकातीच्या नियमांत पिल्लांची वयं येतात. वर्ष पुरं झालेली मादी ती ‘बिन्त मखाद’, म्हणजे जिची आई पुन्हा गाभण आहे अशी. दोन वर्षांची ‘बिन्त लबून’, म्हणजे जिची आई पुन्हा दुभती झाली आहे अशी. तीन वर्षांची ‘हिक्का’, आता पाठीवर ओझं घ्यायला लायक झालेली. पहिली दोन वर्षं वय मोजायचं ते आईकडे पाहून!

राजस्थानातले रायका हेच वेगळ्या रीतीनं सांगतात. उंटिणीला चार सड. दोन पिल्लाचे, दोन माणसाचे. ही निव्वळ दया नव्हे. पिल्लू जवळ नसेल तर उंटीण सहसा पान्हाच सोडत नाही.

आज हा वाटा महत्त्वाचा झाला आहे. २०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते, २०१९मध्ये अडीच लाख उरले. उंटीण दोन वर्षांनी एकदा विते, म्हणून घटलेला कळप लवकर भरून येत नाही. दुसरीकडे उंटिणीच्या दुधाला बाजार मिळू लागला आहे. पाळणाऱ्यांच्या हाती पैसा येतो, हे चांगलंच आहे. त्या पैशाशिवाय कळप टिकणारही नाहीत. पण पिल्लाचे दोन सडही बाजाराला गेले, तर आज बाटली भरेल आणि पाच वर्षांनी दूध देणारी उंटीणच नसेल. रायकांचा हिशेब म्हणूनच दूध विकणाऱ्यानं आणि आपण घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवायला हवा.