डाग कोठी गेला?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. "तू जुनी रशियन घड्याळं जमवतोस म्हणे, त्यावर बोल," असा हुकूम आहे. घड्याळावर बोलणाऱ्यानं तरी वेळ पाळली पाहिजे, म्हणून मनगटावरचं हे घड्याळ काढून समोर ठेवतो.

हे घड्याळ माझ्या बाबांचं. तुमच्यापैकी काहींनी ते पाहिलं आहे. 1984 च्या मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला मी तेच घालून बसलो होतो. आपल्या वर्गात तेव्हा घड्याळवाले मोजकेच. त्यामुळे पेपर सुरू असताना मागच्या बाकावरून सारखं "किती वाजले बे?" ऐकू यायचं, आणि पर्यवेक्षक माझ्याकडेच डोळे वटारायचे. मागचा तो बाकवाला आज पहिल्या रांगेत बसला आहे, नाव सांगत नाही.

बाबा पुलगावच्या मिलमध्ये कामाला होते. नाचणगाव ते मिल पायी जायचे. सकाळी भोंगा झाला की आधी घड्याळ भोंग्याशी मिळवायचं, मग वीस-बावीस वेळा चावी द्यायची, मग चप्पल घालायची. हा क्रम कधी चुकला नाही. घड्याळ त्यांना माझ्या मामांनी दिलं होतं. मामा भिलाईला होते. तिथला पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला, हे आपण भूगोलात पाठ केलं होतं. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. कामावरच्या एका रशियन माणसाकडून मामांनी हे घेतलं, एवढंच घरात सांगितलं जायचं. डायलवर काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नव्हतं. बाबा त्याला नुसतं 'रशियन' म्हणायचे.

गणिताच्या पेपराच्या दिवशी घरी आलो, ऊन मी म्हणत होतं. घड्याळ हातात असतानाच नळाखाली डोकं धरलं. थोड्या वेळानं पाहतो तर काचेच्या आत वाफ धरलेली. बाबा संध्याकाळी आले. त्यांनी काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेपर कसा गेला?" बस. घड्याळ दोन दिवस ज्वारीच्या डब्यात ठेवलं. ते चालू झालं, पण चार आणि पाचच्या आकड्यांमध्ये चहाच्या रंगाचा एक डाग कायमचा राहिला. पुढं वीस वर्षं बाबांनी तो डाग मनगटावर वागवला. मला त्यावरून एकदाही बोलले नाहीत.

बाबा गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आलं. मी तेव्हा नोकरीनिमित्त नागपूरला होतो. वाटलं, वडिलांची एवढी एकच वस्तू, छान करून घ्यावी. एका कारागिराकडे दिलं आणि माझ्या तोंडानं सांगितलं, "अगदी नवं करून द्या." त्यानं दिलं. डायल पांढरं शुभ्र, आकडे काळेभोर, केसला पॉलिश. मी हौसेनं नाचणगावला आणून आईच्या हातात ठेवलं. तिनं चष्मा लावून पाहिलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "हे त्यायचं घड्याय नाही. डाग कोठी गेला?"

मित्रहो, माझा घड्याळांचा छंद त्या प्रश्नातून सुरू झाला.

आधी मी बाबांचं घड्याळ म्हणजे नेमकं काय ते शोधलं. त्याचं नाव 'पोबेदा'. रशियन भाषेत त्याचा अर्थ विजय. दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाचं ते नाव, आणि 1946 पासून ही घड्याळं बनू लागली. यंत्राची मूळ रचना फ्रान्सच्या 'लिप' कंपनीची. मॉस्कोचा पहिला घड्याळ कारखाना 1930 मध्ये सुरू झाला, तो अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका बंद पडलेल्या कंपनीची यंत्रसामग्री विकत घेऊन. म्हणजे यंत्रं अमेरिकन, नकाशा फ्रेंच, घड्याळ रशियन, आणि ते मिळवलं जायचं पुलगाव मिलच्या भोंग्याशी!

मग ते कसं चालतं ते शिकलो. चावी दिली की आतली मेन स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना चक्रं फिरवते, आणि बॅलन्स नावाचं छोटं चाक त्या ताकदीला थोडं थोडं करून सोडतं. सेकंदाला पाच ठोके, तासाला 18,000, दिवसाला 4,32,000. गणिताच्या सरांनी तपासून घ्यावं. जिथं घासण्याची भीती, तिथं पंधरा छोटी माणकं बसवलेली. ना सेल, ना वीज. रोज सकाळी माणसानं आठवणीनं चावी द्यायची, एवढंच मागणं.

आज माझ्याकडे एकतीस घड्याळं आहेत. त्यांची नावं ऐकली तरी तो काळ डोळ्यांपुढं येतो. 'राकेता' म्हणजे रॉकेट. 'पोल्योत' म्हणजे उड्डाण. 'स्लावा' म्हणजे कीर्ती. त्याच्या काही यंत्रांत एकाऐवजी दोन मेन स्प्रिंग असतात. 'वोस्तोक' म्हणजे पूर्व, आणि गागारिनच्या यानाचंही तेच नाव. वोस्तोकचा कारखाना आहे कामा नदीकाठच्या चिस्तोपोल गावात. 1941 मध्ये जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्या, तेव्हा घड्याळ कारखान्याची यंत्रं आणि माणसं तिकडे हलवली गेली, त्यातून तो उभा राहिला. 12 एप्रिल 1961 ला गागारिन अंतराळात गेला, तेव्हा त्याच्या हातातलं चावीचं घड्याळ मॉस्कोच्या त्याच पहिल्या कारखान्याचं होतं. आपण दहावीचे पेपर देऊन मोकळे झालो आणि 3 एप्रिल 1984 ला आपला राकेश शर्मा सोव्हिएत यानातून वर गेला. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की गागारिनच्या घड्याळाचं भावंड आमच्या घरात खुंटीला टांगलेलं आहे.

घड्याळं पाहता पाहता आणखी एक गोष्ट कळली. जुन्या घड्याळाचं डायल खरवडून नव्यानं रंगवण्याचं काम आपल्या देशात सर्रास चालतं. अशा घड्याळांना परदेशातल्या संग्राहकांनी नावच देऊन ठेवलंय, 'मुंबई स्पेशल'. ते कौतुकानं म्हणत नाहीत. पण मी त्या कारागिरांना दोष देत नाही. बंद पडलेली घड्याळं त्यांनीच जिवंत ठेवली, आणि गिऱ्हाईक म्हणून आपणच तर सांगतो, नवं करून द्या. माझ्या घड्याळावरच्या नव्या रंगात एक रशियन अक्षर उलटं पडलं आहे, आणि सहाच्या आकड्याखाली 'सोव्हिएत संघात बनवले' अशी बारीक ओळ होती, ती गायब आहे. हे आज मला भिंगाशिवाय दिसतं. त्या दिवशी दिसलं नव्हतं. आईला मात्र दिसलं, कारण तिनं घड्याळ नाही, बाबांचा हात पाहिला होता.

शेवटी एका जाणकार घड्याळजीकडे बसून मी मागचं झाकण उघडवलं. आत यंत्रावर कारखान्याची खूण होती आणि शेजारी कोरलेलं होतं, 3-55. म्हणजे 1955 ची तिसरी तिमाही. यंत्र तेच होतं, बाबांनी रोज चावी दिलेलं. मी आईला ते भिंगातून दाखवलं. ती म्हणाली, "मंग ठीक हाय. आतून तर त्यायचंच हाय."

पुढं मला एक अस्सल जुनं पोबेदा डायल मिळालं. बसवायला अर्धा तास लागला असता. बसवलं नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी बापाच्या घड्याळाचं होतं. माझ्या हौसेनं जे पुसलं, ते पुसलेलंच राहू द्यावं, असं ठरवलं.

म्हणून तुम्हाला विनंती. तुमच्या घरी कपाटात, जुन्या डब्यात अशी घड्याळं पडलेली असतील. रशियन कमी, आपल्या एचएमटीची जास्त: जनता, पायलट, कोहिनूर. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरूला सुरू झालेला तो उद्योग 2016 मध्ये सरकारनं बंद करायचं ठरवलं. घड्याळ बंद असेल तर जोर लावून चावी देऊ नका. आतलं तेल वाळलेलं असतं. घड्याळजीला सांगा, साफ करा, तेल द्या, पण डायलला हात लावू नका. अंधारात चमकणारे जुने आकडे असतील तर स्वतः उघडून खरवडू नका, त्या काळच्या काही रंगांत रेडियम असायचं. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर ते घड्याळ आधी त्यांच्या हातात द्या आणि विचारा, हा ओरखडा कशाचा, हा डाग कशाचा. मी कारागिराकडे जाण्याआधी आईकडे गेलो असतो, तर आज तो डाग तुम्हाला दाखवता आला असता.

सर, फळ्यावर लिहिताना बाहीखालून दिसायचं ते तुमचं घड्याळ अजून आहे का? त्याच्या काचेवर खडूची भुकटी बसलेली असायची. असेल तर कृपा करून पुसू नका, मला एकदा बघू द्या.

हे घड्याळ दिवसाला मिनिटभर मागं पडतं. तेव्हा मी जास्त बोललो असेन, तर दोष त्याचा. जेवणाच्या सुट्टीत मी मंडपात मागं बसणार आहे, भिंग आणलं आहे. ज्यांना त्या पंधरा माणकांची धडधड पाहायची आहे, त्यांनी यावं. मागच्या बाकवाल्यानं तर जरूर यावं. किती वाजले ते आज त्याचं त्यानंच बघावं.