मोबाईलवरचा एक्यूआय आणि माहुलची हवा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज हवेबद्दल बोलायचंय.

थंडी सुरू झाली की प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट फिरतो. लाल नाहीतर जांभळा चौकोन, मधे मोठा आकडा, खाली ‘बघा आपल्या एरियाची हालत’. मग दुसरा कोणीतरी स्वतःच्या फोनचा स्क्रीनशॉट टाकतो. एरिया तोच, वेळ तीच, पण आकडा बराच कमी. झालं, भांडण सुरू. कुठलं ॲप खोटं आणि कुठलं विकलं गेलंय, इथपर्यंत गाडी जाते.

बहुतेक वेळा दोन्ही ॲप खरं बोलत असतात. पट्ट्या वेगळ्या असतात, एवढंच. समजा हवेत पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, एका घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहेत. भारतीय पट्टीवर याचा एक्यूआय येतो १०० आणि शेरा मिळतो ‘समाधानकारक’. हाच ६० अमेरिकन पट्टीवर टाकला की आकडा दीडशेच्या वर जातो आणि शेरा येतो ‘आरोग्याला घातक’. परदेशी ॲप्स बहुतेक अमेरिकन पट्टी वापरतात, आपलं सरकारी ‘समीर’ ॲप भारतीय. आणि जागतिक आरोग्य संघटना? २०२१ पासून ती म्हणते की २४ तासांत १५ च्या वर जाऊ नका. म्हणजे आपलं ‘समाधानकारक’ तिच्या मर्यादेच्या चौपटीपर्यंत जातं. म्हणून माझी सवय सांगतो: रंग बघायचा नाही, पीएम २.५ किती मायक्रोग्रॅम ते बघायचं. बहुतेक ॲप्समध्ये थोडं खाली स्क्रोल केलं की सापडतं.

हे कण एवढे का महत्त्वाचे? आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. त्याच्या वीस-पंचवीसपट बारीक कण नाकात, घशात अडकत नाहीत. ते फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात, त्यातले काही रक्तात उतरतात. म्हणून प्रदूषण म्हणजे फक्त खोकला नव्हे, हार्ट अटॅक आणि स्ट्रोकसुद्धा त्यात येतात. २०१३ मध्ये कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने बाहेरच्या प्रदूषित हवेलाच कॅन्सरकारक ठरवलं.

सकाळी पळायला जाणाऱ्यांसाठी अजून एक. आपला अधिकृत एक्यूआय कणांच्या बाबतीत मागच्या २४ तासांची सरासरी असतो. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वर गरम, त्यामुळे खालचा धूर वर जात नाही, झाकण बसल्यासारखं होतं. तुम्ही साडेसहाला बूट घालता तेव्हा हवा सगळ्यात वाईट असू शकते, आणि आकड्यात मात्र कालच्या दुपारचा समुद्रवारासुद्धा मिसळलेला असतो.

बरं, आता मुद्द्यावर येतो. हे सगळं झालं आकड्यात काय आहे त्याबद्दल. आकड्यात काय नाहीये?

आपल्या देशात हवेचे कायदेशीर मानक २००९ साली ठरले. त्यात १२ प्रदूषकं आहेत. २०१५ मध्ये एक्यूआय सुरू झाला, त्यात घेतली आठ. गाळलेली चार म्हणजे बेंझीन, बेंझोपायरीन, आर्सेनिक आणि निकेल. यात कट वगैरे काही नाही, उगाच थंबनेल बनवू नका. या चौघांची मर्यादा वर्षाच्या सरासरीवर ठरलेली आहे, रोजच्या आकड्यात ती बसवता येत नाही, असं साधं तांत्रिक कारण आहे. पण परिणाम काय होतो बघा. तुमच्या शेजारी बेंझीनची वाफ सोडणारं काहीतरी असेल, तर मोबाईलवरचा चौकोन तरीही हिरवा दिसू शकतो. बेंझीनने ब्लड कॅन्सर होतो, यावर आता वाद राहिलेला नाही.

आणि असं शेजारी खरंच कुठे असतं? मुंबईत, चेंबूरच्या पुढे. माहुल.

माहुल हा जुना कोळीवाडा. १९५० च्या दशकात त्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने आले, मग खताचा कारखाना, वीजकेंद्र, मग तेल आणि रसायनं साठवायच्या मोठमोठ्या टाक्या. गाव आधीचं, कारखाने नंतरचे, हे आधीच सांगतो. कारण ‘तिथे राहायला गेलेच कशाला’ हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच आहे.

टाकीतून हवेत काय येतं, ते समजायला पेट्रोल पंप आठवा. गाडीत पेट्रोल भरताना टाकीच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसते, वास येतो. आत पेट्रोल शिरतं तेव्हा आतली वाफ बाहेर ढकलली जाते. आता स्कूटरच्या टाकीऐवजी अख्खा टँकर किंवा जहाज भरलं जातंय असं समजा. त्या वाफेत बेंझीन, टोल्युइन, झायलीन अशी मंडळी असतात. यातलं एकही एक्यूआयमध्ये नाही. नाकाला कळतं, फोनला कळत नाही. आणि वास वाऱ्याबरोबर येतो, तासाभराने जातो. अधिकारी येईपर्यंत हवा ‘नॉर्मल’.

मग माहुलच्या लोकांनी सिद्ध कसं केलं? मला वाटतं या गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे. २०१३ मध्ये केईएम हॉस्पिटलच्या श्वसनविकार विभागाने माहुल आणि आंबापाडा या गावांत सर्व्हे केला. लोकांना विचारलं, तुम्हाला काय होतं? ६७.१ टक्के लोकांना महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. ८६.६ टक्के लोकांचे डोळे चुरचुरत होते. ८४.५ टक्के लोकांनी छातीत घुसमटल्यासारखं होतं असं सांगितलं. गावातल्या काही रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि १८ डिसेंबर २०१५ ला लवादाने निकाल दिला की इथल्या रहिवाशांच्या आरोग्याला हवेच्या दर्जामुळे धोका आहे. इथे लोकांचं शरीरच पुरावा झालं. ‘आम्हाला त्रास होतो’ हे लोक कित्येक वर्षं सांगतच होते, पण डॉक्टरांनी ते मोजून कागदावर आणल्यावर त्याला वजन आलं.

पुढे ऑगस्ट २०२० मध्ये याच लवादाने एचपीसीएल, बीपीसीएल आणि टाक्यांच्या दोन खासगी कंपन्यांवर मिळून २८६ कोटींची भरपाई ठरवली. मोठा आकडा, मोठी बातमी. पण मला त्याच्यापेक्षा मधली पाच वर्षं अस्वस्थ करतात.

कारण त्या पाच वर्षांत काय झालं? मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना झोपड्या होत्या. पाइपलाइनच्या सुरक्षेसाठी त्या हटवायचा हायकोर्टाचा आदेश होता. ठीक आहे, लाखो लोकांच्या पाण्याचा प्रश्न आहे. पण हटवलेल्या माणसांना घरं कुठे द्यायची? माहुलला ७२ इमारतींची एक वसाहत तयार होती, १७ हजारांवर घरं, रिफायनरीच्या भिंतीला जवळजवळ चिकटून. लवादाचा निकाल येऊन गेला होता, धोका आहे हे कागदावर होतं. तरी २०१७ पासून विद्याविहार, घाटकोपर अशा ठिकाणची हजारो कुटुंबं तिथे पाठवली गेली. ज्या हवेतून गावकऱ्यांना वाचवायचं होतं, त्याच हवेत नवीन माणसं आणून बसवली. झोपडीच्या बदल्यात पक्कं घर, लिफ्ट, नळाला पाणी, अजून काय हवं, असा सूर होता. हा सूर मला आपल्या मध्यमवर्गीय घरांतूनही ऐकू आलाय, म्हणून मुद्दाम सांगतोय.

लोकांनी काय केलं? ऑक्टोबर २०१८ च्या शेवटी ते माहुल सोडून विद्याविहारला, जिथून हटवलं होतं तिथेच, पाइपलाइनजवळ फुटपाथवर येऊन बसले. वर्षभराहून जास्त काळ. पक्कं घर असताना बायाबापड्या मुलाबाळांसह फुटपाथवर राहतात, यात काय ते समजून जायला हवं होतं. आयआयटी मुंबईच्या अहवालानेही त्यांना तिथून हलवावं असंच सुचवलं. एप्रिल २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं, दुसरी जागा देता येत नसेल तर कुटुंबामागे महिना १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार डिपॉझिट द्या. सप्टेंबर २०१९ मध्ये परत तेच बजावलं: कोणालाही जबरदस्तीने माहुलला ठेवता येणार नाही. नंतर काही कुटुंबांना दुसरीकडे घरं मिळाली, पण सगळ्यांना नाही.

विदर्भातून ऐकणारे म्हणतील, सारखं मुंबई मुंबई. बरोबर आहे. केंद्रीय मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार यादी केली, त्यात चंद्रपूर देशात चौथं होतं, ८३.८८ गुणांनी. इथे गुण जास्त म्हणजे नापास, बरं का. पण तिथे मुख्य त्रास कोळशाच्या धुळीचा आणि राखेचा, म्हणजे कणांचा. तो निदान आकड्यात दिसतो. चंद्रपूरवर स्वतंत्र एपिसोड करायचाय, अर्ध्या मिनिटात उरकण्यासारखा विषय नाही तो.

मास्कबद्दल खूप प्रश्न येतात. एन ९५ नीट बसवला तर कण अडवतो. वाफ अडवत नाही. म्हणजे बांधकामाच्या धुळीत त्याचा उपयोग आहे, माहुलसारख्या ठिकाणी त्याच्यावर विसंबू नका.

तुमच्या घराजवळ रंगाचा कारखाना, केमिकलचं गोडाऊन, टाक्या, काहीही असेल आणि वास येत असेल, तर ‘सवय झाली’ म्हणून सोडून देऊ नका. वास आला की फोनच्या नोट्समध्ये तारीख, वेळ, वारा कुठून होता, घरात कोणाला काय झालं, हे दोन ओळींत लिहा. शेजारच्या चार घरांना लिहायला सांगा. डॉक्टरकडे गेलात तर कुठे राहता ते सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी करायची आणि पोच घ्यायची. समीर ॲपमध्येही तक्रारीची सोय आहे. एकट्याची तक्रार फाईलमध्ये पडते, वीस घरांच्या तीन महिन्यांच्या नोंदी पडून राहायला जरा जड जातात.

आणि माहुलच्या त्या इमारतींचं शेवटी काय झालं? बरीच घरं रिकामी पडली. २०२५ मध्ये महापालिकेने त्यातली नऊ हजारांवर घरं आपल्याच तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना विकायला काढली. किंमत १२ लाख ६० हजार. मुंबईत या पैशात घर म्हणजे लोकांनी रांग लावायला हवी. अर्ज आले ते घरांच्या मानाने अगदीच थोडे.

चला, भेटू पुढच्या भागात.