आधी पडायला शिका

(लातूर येथे नांदेड-लातूरच्या तरुणांसमोर केलेले भाषण)



लातुरात 'क्लासला चाललो' म्हटलं की समोरचा विचारतो, फिजिक्सच्या की बायोच्या? मी आज वेगळ्या क्लासबद्दल बोलणार आहे.

मी नांदेडचा. सात वर्षं शारजात नोकरी केली. दिवसभर खुर्ची, रात्री खोलीवर सहा जणांत मिळून जेवण आणि मग झोप येईपर्यंत मोबाइल. चौथ्या वर्षी तपासणीत एचबीएवनसी ६.२ निघालं, वजन ९१ किलो. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह अजून झाला नाही, पण दाराशी आलाय." मला अब्बा आठवले. शुगरमुळे त्यांच्या पायाचं बोट काढावं लागलं, तेव्हा दवाखान्यात त्यांच्या उशाशी मीच बसलो होतो.

जिमचे पैसे दोनदा भरले. दोन्ही वेळा पंधरा दिवसांत जाणं बंद. मग खोलीतला एक केरळी मित्र मला ज्युदोच्या क्लासला घेऊन गेला. आठवड्यातून तीन संध्याकाळी, दीड-दीड तास. अम्मीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "इस उमर में क्या कुश्ती खेलरा बेटा?" मी चौतीस वर्षांचा होतो.

पहिले तीन आठवडे शिक्षकांनी एकही डाव शिकवला नाही, फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीशी ठेवायची, हात गादीवर आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. ज्याला पडता येतं, त्याची भीती जाते, असं ते म्हणायचे.

मी तिथे टिकलो, कारण ज्युदो एकट्याने होत नाही. जोडीदार लागतो. माझा जोडीदार नेपाळचा, हॉटेलात काम करणारा. मी गेलो नाही तर त्याची संध्याकाळ वाया जायची, म्हणून त्याचा फोन यायचा. ज्युदोत गळ्याला पकड बसली आणि सहन झाली नाही, तर हाताने दोनदा थोपटायचं. समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. ज्याच्या हातात आपण रोज आपला गळा देतो आणि जो थोपटताच सोडतो, त्याच्या लोकांबद्दल मोबाइलवर कोणी काहीही पाठवलं तरी मग ते खरं वाटत नाही.

चौदा महिन्यांत वजन ८० वर आलं, रिपोर्ट ५.६ आला. एकट्या ज्युदोने नाही; रात्रीचा भात आणि कोल्ड्रिंकही सोडलं होतं.

गावी परतलो तेव्हा मात्र मनात आलं, हे शिकायला शारजा कशाला हवं होतं? आपल्याकडे आखाड्याला 'तालीम' म्हणतात. शब्द अरबी आहे, अर्थ, शिक्षण. वस्ताद, पहिलवान, कुस्ती, खुराक हे फारसीतून आले. मल्ल आणि मल्लखांब संस्कृतातून. मराठी तालमीत हे सगळे शब्द एकाच मातीत लोळतात. याच लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून सुवर्णपदक घेऊन आले. नांदेडात हल्लाबोलच्या मिरवणुकीत शीख तरुणांचा गतका आपण लहानपणापासून पाहतो. पाहतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो.

मैत्रिणींनो, तुमच्यासाठी एक नाव. निखत झरीन. गाव निजामाबाद, नांदेडहून रेल्वेने काही तासांवर. बॉक्सिंगचे पहिले धडे तिला वडिलांनी दिले. २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीला ती जगज्जेती झाली. घरात कपड्यांचा प्रश्न निघाला तर सांगा, ज्युदोचा पोशाख पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण पायांचा असतो. प्रश्न खरं तर वेळेचा आणि सोबतीचा असतो. म्हणून एकटी जाऊ नका, दोघी-तिघी जा. आणि इथे जे भाऊ बसलेत, त्यांनी बहिणीला अडवू नये; क्लासपर्यंत सोडायला जावं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं हालचाल हवी. मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं. नीटच्या तयारीला दिवसाचे बारा तास देणाऱ्यांकडून एक तास मागणं फार नाही. उद्या डॉक्टर होऊन तुम्ही रुग्णाला "व्यायाम करा" म्हणणार. आधी स्वतः करा.

क्लास निवडताना दोन गोष्टी पाहा. खाली चांगली गादी किंवा माती आहे का? आणि शिक्षक आधी पडायला शिकवतात का? पहिल्याच दिवशी मारामारी शिकवणाऱ्याकडे जाऊ नका. शुगरची किंवा बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करा.

रागावर ताबा ठेवणारा तो खरा बलवान, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. गादीवर ती रोज अंगवळणी पडते.

अब्बांच्या पिढीला हे कोणी सांगितलं नाही. तुम्हाला मी सांगितलं. आज घरी जाताना एक जोडीदार ठरवा आणि त्याला उद्याची वेळ द्या.