जुन्या गाडीस दुसरा गिअरबॉक्स



यंत्रांच्या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोणीं दिलेला नाहीं. मी मॅट्रिक झालेला माणूस. बुलढाणा जिल्ह्यांतील शाळांतून छत्तीस वर्षें अंकगणित शिकविलें आणि निवृत्त होऊन धाड येथें घरीं बसलों. बसलों म्हणतों, तेंहि तितकेसें खरें नव्हे. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या पैशांतून मीं एक जुनी बंद मोटार विकत घेतली, सुताराकडून तिच्यांत निजण्याचीं दोन बाकें, एक कपाट, पाण्याची टाकी आणि शेगडीपुरता ओटा बसवून घेतला, आणि आईला व सौभाग्यवतीला घेऊन तीर्थक्षेत्रें फिरूं लागलों. अलीकडे अशा गाडीस कॅम्पर व्हॅन म्हणतात, आणि २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठीं एक धोरणहि जाहीर केलें. आमच्या गांवांत मात्र या आकाराच्या कोणत्याहि गाडीस लोक मॅटाडोरच म्हणतात. पुण्याजवळ आकुर्डीस बजाज टेंपोनें काढलेली त्या नांवाची गाडी बाजारांतून केव्हांच गेली, २००५ सालीं खुद्द कारखान्याचें नांव बदलून फोर्स मोटर्स झालें, तरी लोकांच्या तोंडीं मॅटाडोर राहिली ती राहिलीच. माझी गाडी त्या कारखान्याची होती असा अर्थ यावरून कोणीं काढूं नये. ती कोणत्या कारखान्याची, हा आजचा विषय नाहीं.

विषय आहे तो असा कीं, जुन्या गाडीचा गिअरबॉक्स निकामी झाला तर त्याच्या जागीं कोणता घ्यावा. मला हा प्रश्न राजूरच्या घाटांत पडला.

गेल्या माघांत आम्ही मुक्ताईनगरास निघालों होतों. बुलढाणा सोडून मोताळ्याकडे जाऊं लागलें कीं हा घाट उतरावा लागतो. गाडी दुसऱ्या गिअरांत होती आणि एंजिनाच्या अडवणुकीनें हळूहळू उतरत होती. एका वळणाच्या अलीकडे गिअरचा दांडा माझा हात लागल्यावांचून मधल्या जागीं आला. एंजिनाचा आवाज एकदम बसला आणि गाडी मोकळी सुटली. दांडा पुन्हां लावावयास गेलों तों नुसता दांत्यांचा खरखराट. शेवटीं ब्रेक दाबीत दाबीत गाडी डोंगराच्या बाजूस घेतली आणि हातब्रेक ओढून उभी केली. चाकांतून करपल्याचा वास येत होता. मागें आई निजलेली होती. तिचें वय ८६. ती उठून बसली आणि म्हणाली, "आली का रे मुक्ताई?"

मीं तिला त्या दिवशीं कांहींच सांगितलें नाहीं. पण तेव्हांपासून हा प्रश्न माझ्यापुढें हौसेचा किंवा काटकसरीचा राहिला नाहीं.

गिअर आपोआप कां सुटावा, हें समजून घेण्यांत माझे दोन दिवस गेले, आणि ते कारणीं लागले असें मी समजतों. सध्यांच्या गाड्यांत पुढें जाण्याच्या गिअरांचीं दांतेरीं चाकें एकमेकांत सदैव गुंतलेलींच असतात. आपण दांडा हलवितों तेव्हां चाक सरकत नाहीं. त्या चाकास मुख्य शाफ्टाशीं जखडणारी एक कडी सरकते. त्या कडीचे व चाकाचे लहान दांते अशा बेतानें कापलेले असतात कीं ताण आला म्हणजे कडी अधिकच आंत ओढली जावी, आणि तिला जागेवर धरावयास वर एक स्प्रिंग व पोलादी गोळी असते. दांत्यांच्या कडा झिजून गोल झाल्या, अगर स्प्रिंग मेली, कीं ही पकड जाते. चढावर एंजिन चाकांना ओढतें, तेव्हां दांत्यांची एक बाजू झिजते. उतारावर चाकेंच एंजिनास ढकलतात, तेव्हां दुसरी. म्हणून एखादी गाडी चढावर अगदीं शहाण्यासारखी वागते आणि उतारावर दगा देते. सपाट रस्त्यावर चालवून घेतलेली परीक्षा येथें उपयोगाची नाहीं.

आमच्या मिस्त्रींचें एक मला फार आवडलें. गिअरबॉक्स गेला, असें त्यांनीं एकदम म्हटलें नाहीं. प्रथम त्यांनीं गाडीखालीं शिरून पेटी ज्या रबरांवर टेकलेली असते तीं रबरें पाहिलीं. तीं फाटलीं तर सगळी पेटीच मागेंपुढें होते आणि गिअर सुटतो. मग दांड्यापासून पेटीपर्यंतचे सांधे पाहिले. हीं दोन कामें अगदीं थोड्या पैशांत होतात, आणि तेवढ्यानें भागलें तर पेटी बदलण्याचें कारणच उरत नाहीं. त्यानंतर त्यांनीं गाडी उभी ठेवून एंजिन चालू केलें. गिअर कोणताहि नाहीं, क्लच मोकळा. पेटींतून घरघर येत होती. क्लच दाबतांच ती थांबली. म्हणजे पेटीच्या आंतल्या बेअरिंगांचेंहि आयुष्य संपलें होतें. तेल काढलें तेव्हां त्यांत पितळेची चमक होती ती होतीच, पण चुंबकास पोलादाच्या कपऱ्याहि चिकटल्या. पितळेची बारीक चमक जुन्या पेटींत क्षम्य असते. पोलादाची कपरी हा दांत्याचा तुकडा.

आतां निवड. कारखान्याची कोरी पेटी त्या जुन्या नमुन्यासाठीं आम्हांला मिळेना. मग मार्ग उरले तीन. आपलीच पेटी खोलून दुरुस्त करावी. भंगारांत काढलेल्या तशाच गाडीची पेटी आणावी. किंवा नंतरच्या काळांतील गाडीची पांच गिअरांची पेटी बसवावी. आमच्या मूळ पेटींत चार होते.

या तिसऱ्या मार्गाची शिफारस मला इतक्या जणांनीं केली कीं मी जवळजवळ वश झालों होतों. पांच चारांपेक्षां अधिक, हें तर पहिलीच्या मुलासहि पटतें! डिझेल वाचेल, गाडी वेगानें जाईल, असें सर्वांचें म्हणणें. मीं वही काढली. हिशेबापुरतें असें धरा कीं एंजिन मिनिटास ३००० फेरे घेत आहे, मागील धुऱ्यांत चारास एक असें प्रमाण आहे आणि चाकाचा घेर २.१ मीटर आहे. चौथ्या, म्हणजे सरळ गिअरांत गाडी ताशीं सुमारें ९४ किलोमीटर जाईल. पांचव्या गिअरचें प्रमाण ०.८ धरलें तर ११८. पण टाकीभर पाणी, भांडीं, गाद्या आणि माझी वृद्ध आई घेऊन मला ताशीं ११८ जावयाचें आहे कोठें? मी साठाच्या वर जात नाहीं. साठावर चौथ्या गिअरांत एंजिनाचे फेरे १९०० होतात आणि पांचव्यांत १५००. जुनें डिझेल एंजिन इतक्या कमी फेऱ्यांवर उंच, वारा अडविणाऱ्या गाडीस ओढतांना थरथरतें, आणि चालक कंटाळून पुन्हां चौथा गिअर लावतो. पांचवा गिअर शोभेचा राहतो.

आणि त्या शोभेसाठीं मोडतोड किती! लांब पेटी बसवावयाची तर तिच्या खालची आडवी पट्टी सरकवावी लागते, मागें जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हां तोलून घ्यावा लागतो, क्लचच्या तबकडीच्या मधल्या खांचा नव्या शाफ्टाशीं जुळाव्या लागतात, वेग दाखविणारें घड्याळ चुकूं लागतें, आणि दांडा नेमका ओट्याखालीं निघतो. याशिवाय कायद्याचा विचार आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींत मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करण्यास मनाई करतें, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि त्यावर जोर दिला आहे. वेगळ्या जातीची पेटी घालणाऱ्यानें आधीं परिवहन कार्यालयांत विचारावें हें बरें.

खरा प्रश्न वजनाचा असतो, आणि तो कोणी विचारीत नाहीं. मीं गाडी सर्व सामानासह, पाण्याची टाकी तुडुंब भरून, कापसाच्या वजनकाट्यावर नेली. तीन टनांस थोडी कमी भरली. पंधरा फुटांस एक फूट अशा चढावर तीन टनांस नुसतें सरकवावयास दोनशें किलोंची ओढ लागते. ताशीं तीस किलोमीटरनें चढावयाचें तर बावीस अश्वशक्ति यांतच खर्च होते. वारा व टायर यांचें निराळें. एंजिन तेंच आहे, तेव्हां ही ओढ यावयाची ती पहिल्या-दुसऱ्या गिअरांतून. आम्हांस बोथ्याचा घाट चढून शेगांवाहून परत यावें लागतें, राजूरचा चढावा-उतरावा लागतो. माझ्या गाडीची निवड खालच्या दोन गिअरांवर होणार होती, वरच्यावर नव्हे.

आपल्याकडे जुन्या सुट्या भागांसाठीं मुंबईच्या कुर्ल्याचें आणि दिल्लीच्या मायापुरीचें नांव घेतात. मी इतका लांब गेलों नाहीं. जवळच्या एका शहरांत एका दुकानदाराकडे गेलों. त्यानें तेलानें चकचकीत पुसलेली पेटी पुढें ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, डिट्टो तीच आहे." बाहेरून खरोखरच तीच होती. तेच खिळे, तीच बैठक, तीच लांबी. मिस्त्री पैसे मोजावयास सांगणार इतक्यांत मला वर्गांतली एक खोड आठवली. मुलाचें उत्तर बरोबर दिसलें तरी मी रीत तपासीत असें. मीं मागच्या बाजूस खडूची खूण केली, पहिला गिअर लावला आणि पुढचा शाफ्ट हातानें फिरवूं लागलों. मागची खूण एक पूर्ण फेरा घेऊन जागेवर आली तेव्हां पुढें सव्वाचार फेरे झाले होते. माझ्या जुन्या पेटींत मीं घरीं मोजले होते ते बरोबर पांच.

सव्वाचार आणि पांच यांतील अंतर लहान वाटतें. पण त्याचा अर्थ असा कीं जेथें शंभर किलोंची ओढ मिळत होती तेथें पंचाऐशींच मिळणार. ती पेटी कोण्या हलक्या गाडीची होती. दुकानदारास तें ठाऊक होतें कीं नव्हतें, मी सांगूं शकत नाहीं, तो म्हणाला, "इतकं कोणी मोजत नाही, गुरुजी." त्याचें म्हणणें खरेंच असावें.

बाहेरून सारखें आणि आंतून निराळें, या गोष्टीचें नामांकित उदाहरण जर्मनींतील आहे. फोक्सवॅगनची १९५० मध्यें निघालेली बस ही जगांतल्या कित्येक फिरत्या घरांची आजी. तिच्या १९६७ पर्यंतच्या नमुन्यांत वजनासाठीं मागील चाकांपाशीं आणखी एकेक दांतेरी जोडी बसविलेली असे, आणि त्या जोडीनें फिरण्याची दिशा उलटत असल्यामुळें पेटींतील मोठें चाक उलट बाजूस बसवीत. त्याच कारखान्याच्या लहान बीटल गाडीची पेटी, तें चाक न फिरवितां, त्या बसमध्यें घातली तर गाडीस मागें जाण्याचे चार गिअर मिळतात आणि पुढें जाण्याचा एक. हें मीं मिस्त्रींस सांगितलें तेव्हां ते बराच वेळ हंसत होते, आणि पुढील दुकानांत शाफ्ट फिरवून मोजण्याचें काम त्यांनीं स्वतःच केलें.

तिसऱ्या ठिकाणीं पांच फेऱ्यांची पेटी मिळाली. ती आम्हीं आहे तशी बसविली नाहीं. धाडास आणून आमची व ती अशा दोन्ही पेट्या एका चादरीवर खोलल्या, आणि दोहोंतून एक केली. कवच आमचें, कारण तें ओळखीचें व बिनतड्याचें. दुसऱ्या गिअरचें चाक व कडी तिच्यांतलीं, कारण त्यांच्या दांत्यांच्या कडा बोटास टोचत होत्या. बेअरिंगें, सीलें, स्प्रिंगा आणि गिअर बिनआवाज जुळविणाऱ्या पितळी कड्या सर्व कोऱ्या. या पितळी कड्यांची युक्ति १९२८ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक गाडींत प्रथम आली. त्यापूर्वीं प्रत्येक गिअराला क्लच दोनदां दाबावा लागे. पेटी खालीं उतरलेली असतांना क्लचची तबकडीहि बदलली, कारण त्याच मजुरींत तें काम होतें. बेअरिंगांची वाट पाहण्यांत एकोणीस दिवस गेले.

तेलाविषयीं एक शब्द. दुकानांत जी-एल-४ आणि जी-एल-५ असें लिहिलेले डबे असतात आणि मोठा आंकडा चांगला असें समजून लोक दुसरा उचलतात. तें तेल मुख्यतः मागील धुऱ्याच्या पेटीसाठीं; त्यांतील कांहीं द्रव्यें गरम झाल्यावर पितळेस बाधतात. गाडीच्या पुस्तकांत लिहिलें असेल तेंच घालावें.

पहिल्यांदा घाट उतरलों तेव्हां गाडींत माणसें घेतलीं नाहींत. आईच्या बाकावर ज्वारीचीं पोतीं ठेवलीं आणि मिस्त्रींना शेजारीं बसवून राजूरचा घाट दुसऱ्या गिअरांत तीनदां उतरलों. दांड्यावर हात ठेवावयाचा नाहीं, अशी त्यांची सक्त ताकीद होती. तो ठेवला तर कडीस धरणारा चिमटा झिजतो, आणि गिअर स्वतः टिकला कीं हातानें, तेंहि कळत नाहीं. मला हात गुडघ्यावर ठेवणें फार जड गेलें. हजार किलोमीटरनंतर तेल काढून पाहिलें. चुंबकावर करड्या पिठासारखें कांहीं होतें, कपरी एकहि नव्हती.

त्यानंतरच्या एकादशीस आम्ही मुक्ताईनगरास गेलों. ज्या वळणावर गाडी उभी केली होती तें वळण आलें तेव्हां आईनें मागून विचारलें, "येथेंच ना रे तूं थांबला होतास?" तिला त्या दिवशीं सर्व कळलें होतें.

वेळ संपल्याची खूण मला समोरून होत आहे.