भाड्याचे घर आणि परसातील माड



आपल्यापैकी अनेकांची वडिलार्जित घरे आज भाड्याने दिलेली आहेत. मृगापूर्वी कौले परतण्याचा खर्च कोणी सोसावा, हा वाद त्यामुळे दरसालचाच.

केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे नमुना म्हणून ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात या कामांची वाटणी दिली आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, भिंतींची सफेदी, नळाच्या व विजेच्या वाहिन्या घरमालकाकडे. तोट्या, कड्या-कुलुपे, खिडक्यांच्या काचा आणि वापरातील बागेची निगा भाडेकरूकडे. घरमालकाने आपले काम टाळल्यास भाडेकरूने ते करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका महिन्यात निम्म्या भाड्याहून अधिक नव्हे.

वाटणी सरळ दिसते. पण माड बागेतला आणि कौले छपराची! आमच्या घरावर चुडत कोसळून कौले फुटली. भाडेकरूंनी दोनदा पत्र लिहिले. ‘परसाची निगा तुमची’, असे मी उलट कळविले. (नारळ मात्र पाडेली माझ्याच नावे उतरवीत असे, हे येथे कबूल करतो.) त्या पावसाळ्यात दोन वासे कुजले, त्यांच्या मुलीची शाळेची पुस्तके भिजली. चार कौलांचे काम सुताराच्या आठवड्यावर गेले.

वाशांचा खर्च मी दिला. पुढील करारात पाडेलीची मजुरी माझी, सुकी चुडते वैशाखात उतरविण्याची जबाबदारी माझी आणि निम्मे नारळ त्यांचे, असे आम्ही लिहून घेतले.