रंग शेवटी पाहा

बेंगळुरूला जुन्या ब्रिटिश मोटारींचं वेड संस्थानी काळापासूनचं आहे. म्हैसूरचे महाराज एकेक गाडी न घेता एकदम सात मागवत, अशी आख्यायिका मोटारशौकीन अजून सांगतात. आज या शहरात 'पूर्ण रिस्टोअर केलेली' म्हणून एखादी बेंटले मार्क सिक्स विकायला निघाली, की बघणारा आधी तिच्या चकाकीवर भाळतो. माझं सांगणं असं, की रंग शेवटी पाहा.

ही गाडी 1946 ते 1952 या काळातली. इंग्लंडमधल्या क्रू इथल्या ज्या कारखान्यात युद्धकाळात विमानांची मर्लिन इंजिनं बनत, तिथंच ती जन्मली. त्याआधी बेंटले नुसती चासी आणि इंजिन देई. वरची बॉडी गिऱ्हाईक बाहेरच्या कारागिरांकडून बांधून घेई. मार्क सिक्स ही कारखान्यातूनच पोलादी बॉडीसह मिळणारी पहिली बेंटले. पण युद्धानंतरचं पोलाद हलक्या प्रतीचं होतं, त्यामुळे हिचा खरा शत्रू गंज. बेंगळुरू समुद्रापासून दूर आणि सुमारे 900 मीटर उंचीवर आहे, इथं खारी हवा नाही. तरी गाडीची आधीची वर्षं मुंबईत गेली असतील तर? लोहचुंबक घेऊन जा. दाराच्या खालच्या कडा, चाकांवरचे मडगार्ड तपासा. चुंबक चिकटला नाही, तर तिथं पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असू शकते.

त्यानंतर इंजिन. पेट्रोल महागलं तेव्हा आपल्याकडे अनेक जुन्या गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली गेली. म्हणून चासी आणि इंजिनाचे नंबर मूळ नोंदींशी जुळवायलाच हवेत. या नोंदी इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबनं जपून ठेवल्या आहेत. 1951 मध्ये इंजिन 4257 सीसीवरून 4566 सीसीचं झालं आणि सगळं तेल फिल्टरमधून जाऊ लागलं. त्याआधीच्या इंजिनांत थोडंच तेल गाळलं जाई, म्हणून तिथं आतल्या झिजेची चौकशी अधिक कसून करा.

कायदाही मूळ रूपच मागतो. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच 'व्हिंटेज' ठरते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला नेता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही. हे घेणाऱ्याला आधीच ठाऊक हवं.

मला विचाराल तर नव्या कोऱ्या लेदरपेक्षा भेगाळलेलं मूळ लेदर आणि डॅशबोर्डवरचं जुनं अक्रोडाचं लाकूड मी पसंत करीन. रिस्टोअर करणं म्हणजे सगळं बदलणं नव्हे. चांगला कारागीर काय बदललं याचे फोटो आणि बिलं ठेवतो, शिवाय काय मुद्दाम राखलं तेही सांगतो. पत्रा उघडा असतानाचे फोटो नसतील तर भाव खुशाल पाडून मागा.

शेवटी गाडी चालवून बघा, तीही गर्दीच्या वेळी. हिच्या ब्रेकला जोर देणारी यंत्रणा गिअरबॉक्सवर फिरते. गाडी अगदी संथ असली की तो जोर कमी पडतो. बेंगळुरूच्या सिल्क बोर्डसारख्या वाहनांनी तुंबलेल्या चौकात ते लगेच पायाला कळतं. तिथंच इंजिनाचं तापमान बघा, तापलेलं इंजिन बंद करून पुन्हा सुरू होतं का बघा. आणि एक विचारायला विसरू नका: पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्या आहेत का? पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ते जुनं रबर खातं. गळकी नळी तापलेल्या इंजिनाशेजारी असेल, तर पैसे देण्याआधी ती बदलून घ्या.