शनवार तेल्यांचे सण

सण ग्रंथांइतकेच घरातही टिकतात, हे कोकणातल्या बेने इस्रायल समाजाकडे पाहिलं की पटतं. तेल गाळणारे हे मराठीभाषक ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांचे सण असे: नववर्षाचा 'नव्याचा सण', मग योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा कडक उपवास, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाला वालाचं बिरडं, प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा. कोणी विचारेल, बिरडं तर कोकणातलं, मग परंपरा अस्सल कशी? पण पदार्थ इथले घेतले तरी शनिवारची विश्रांती आणि उपवास त्यांनी सोडले नाहीत. परंपरेचा कणा त्या पाळण्यात आहे. चव बदलल्याने तो मोडत नाही.